नाव घ्या, वाचू नका

ॲक्सेल बेके नावाचे एक कॅनडियन रसायनशास्त्रज्ञ आहेत. त्यांचा १९९३ सालचा एक पेपर 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'च्या ९८ व्या खंडात आहे. २०१४ मध्ये 'नेचर'नं सगळ्या विषयांतल्या, सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या शंभर पेपरांची यादी छापली, तेव्हा हा पेपर आठवा आला. तोवर त्याची सायटेशन ४६,१४५ झाली होती. जगभरातल्या किती पीएच.डी. त्याच्या जिवावर पार पडल्या याची गणती नाही. यातले बहुतेक लोक हा पेपर एकाच गोष्टीसाठी उद्धृत करतात: बी३एलवायपी नावाचं एक सूत्र.

ते सूत्र या पेपरात नाही.

शोधायचं तर शोधा. त्याचा चुलतभाऊ सापडेल, ते स्वतः सापडणार नाही. उद्धृत करणाऱ्यांपैकी किती जणांनी पेपर उघडला असेल, याचा अंदाज बांधायला एवढं पुरेसं आहे.

ज्यांचा या विषयाशी दहावीच्या प्रयोगवहीपलीकडे संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. संगणकीय रसायनशास्त्र म्हणजे परीक्षानळीला हात न लावता केलेलं रसायनशास्त्र. रेणू संगणकावर मांडायचा आणि त्याची ऊर्जा, आकार, रंग, स्वभाव आकडेमोडीतून काढायचा. अडचण इलेक्ट्रॉनांची. प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रत्येकाला ढकलतो, आणि सगळ्यांचा स्वतंत्र हिशेब ठेवायला गेलं तर मोठमोठे संगणक टेकीला येतात. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन या दोघांनी दाखवलं की एवढी उठाठेव करायला नको. कुठे किती दाट इलेक्ट्रॉन आहेत एवढं कळलं तरी ऊर्जा निघते. यालाच डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणजे डीएफटी म्हणतात. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ती वापरायची रीतही सांगितली. वॉल्टर कोन मुळात भौतिकशास्त्रज्ञ, पण १९९८ चं नोबेल त्यांना रसायनशास्त्राचं मिळालं. रसायनवाल्यांनी बाहेरच्याला एवढ्या खुशीनं जेवायला बसवल्याचे प्रसंग कमीच.

गोम अशी की घनतेवरून ऊर्जा देणारं सूत्र असतं हे सिद्ध झालंय. ते काय आहे, हे मात्र गुलदस्त्यात. मग जो तो आपापलं जवळपासचं सूत्र घेऊन उभा राहतो. अशी सूत्रं आज शेकड्यांनी आहेत, आणि सर्वांत खपाचं म्हणजे आपलं हे बी३एलवायपी.

ते जन्मलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. १९७५ मध्ये कोले आणि साल्वेत्ती या दोन इटालियनांनी इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधाच्या ऊर्जेसाठी एक सूत्र लिहिलं. त्यातले चार आकडे हीलियमच्या अणूवरून ठरवलेले. १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलमध्ये ली, यांग आणि पार या तिघांनी त्याला घनतेच्या भाषेत बसवलं. हे एलवायपी. हा पेपर 'नेचर'च्या यादीत सातवा, ४६,७०२ सायटेशन. त्याच १९८८ मध्ये बेकेंनी दुसऱ्या अर्ध्या भागाचं, म्हणजे एक्स्चेंजचं, सूत्र दिलं. त्यात एकच आकडा जुळवायचा होता, ०.००४२, आणि तो त्यांनी हीलियमपासून रेडॉनपर्यंतच्या सहा निष्क्रिय वायूंवरून जुळवला. म्हणजे पाहा, रसायनशास्त्र हा कोण कोणाशी बंध बांधतो याचा अभ्यास, आणि त्यातल्या सर्वांत लोकप्रिय सूत्राचे हे दोन्ही तुकडे बेतलेले सगळ्या ब्रह्मचाऱ्यांवर. तरी चालतं. का चालतं यावर पुन्हा वेगळे पेपर आहेत.

आता १९९३. बेकेंना कळलं होतं की जुन्या पद्धतीनं काढलेल्या नेमक्या एक्स्चेंज ऊर्जेचा थोडा वाटा मिसळला तर उत्तरं झपाट्यानं सुधारतात. किती मिसळायचा? त्यांनी ५६ रेणू फोडायला लागणाऱ्या ऊर्जा, ४२ आयनीकरण ऊर्जा, ८ प्रोटॉन-आकर्षणं आणि १० अणूंच्या एकूण ऊर्जा घेतल्या, आणि तीन आकडे काढले: ०.२०, ०.७२, ०.८१. त्यात परस्परसंबंधाच्या भागासाठी त्यांनी पर्ड्यू आणि वांग यांचं सूत्र वापरलं. एलवायपीचा पत्ताच नाही.

एलवायपी तिथं बसवलं ते पुढच्या वर्षी स्टीफन्स, डेव्हलिन, चाबालोव्स्की आणि फ्रिश या चौघांनी. त्यांना ४-मिथाइल-२-ऑक्सेटॅनोन नावाच्या एका फुटकळ रेणूत डावा प्रकाश आणि उजवा प्रकाश वेगवेगळा कसा शोषला जातो ते काढायचं होतं. त्यांनी बेकेंचे तीन आकडे जसेच्या तसे उचलले, पर्ड्यू-वांग काढलं, ली-यांग-पार घातलं, आकडे पुन्हा जुळवायची तसदी घेतली नाही, आणि काम भागलं. आकडे एका जोडीदारासाठी काढलेले, संसार दुसऱ्याबरोबर. हेच ते बी३एलवायपी. फ्रिश हे गॉसियन नावाच्या प्रोग्रॅमच्या मंडळींपैकी, तेव्हा सूत्र थेट प्रोग्रॅममध्ये गेलं आणि प्रोग्रॅममधून घरोघरी. या चौघांच्या पेपरला सायटेशन मिळाली, बरीच मिळाली, पण बेकेंच्या तुलनेत फारच कमी. बाळ ज्यांच्या घरी जन्मलं त्यांना सोडून लोक पेढे शेजारी नेऊन देत होते.

यापुढचा तपशील कोणी सहसा सांगत नाही. या सूत्रात आणखी एक तुकडा लागतो, तो १९८० च्या वोस्को, विल्क आणि नुसैर यांच्या पेपरातून घेतात. त्या पेपरात एकाहून जास्त सूत्रं आहेत. गॉसियननं तिसरं घेतलं. दुसऱ्या काही प्रोग्रॅमांनी पाचवं घेतलं. दोन्हीकडे पाटी बी३एलवायपीचीच, ऊर्जा मात्र जुळत नाहीत. शेवटी ऑर्का नावाच्या प्रोग्रॅमनं 'बी३एलवायपी, पण गॉसियनवाल्यांचं' असा वेगळा पर्याय ठेवला. जगात हजारोंनी वापरलेल्या सूत्राची ही कथा; उद्धृत करणारा मात्र निवांत, कारण बेके १९९३ लिहिलं की परीक्षक गप्प बसतो.

आता यंत्राची कामगिरी पाहा. गॉसियनसोबत येणाऱ्या खिडकीत रेणू काढायचा, मेनू उघडायचा, 'डीएफटी' निवडायचं, की समोर बी३एलवायपी तयार. बटण दाबायचं आणि चहाला जायचं. उत्तराची फाइल उघडली की अगदी वरच प्रोग्रॅम सांगतो: हे काम वापरलंत तर माझा उल्लेख असा करा. त्यानंतर नावं. फ्रिश, ट्रक्स, श्लेगेल, स्कुसेरिया, रॉब, चीझमन... आणि पुढे डझनावारी. कोकणातल्या एखाद्या मोठ्या घरच्या लग्नपत्रिकेत आमंत्रकांच्या खाली सगळे काके, मामे, भावोजी आणि चिमुकली मंडळी एकाखाली एक छापतात ना, अगदी तसं. शेवटी गावाचं नाव: वॉलिंगफर्ड, कनेक्टिकट. हा उतारा कॉपी करून प्रबंधात चिकटवला नाही असा संगणकीय रसायनशास्त्राचा पीएच.डी. विद्यार्थी मला दाखवा. फाइलच्या दुसऱ्या टोकाला प्रोग्रॅम कुठलं तरी सुभाषित टाकतो, मग 'नॉर्मल टर्मिनेशन' असं जाहीर करतो. सुभाषित वाचणारे बरेच असतात. त्यामानानं मधली हजारभर ओळींची आकडेमोड एकाकी पडते.

या प्रोग्रॅमचा पाया घातला जॉन पोपल यांनी, १९७० मध्ये. कोन यांच्याबरोबर १९९८ च्या नोबेलचे ते अर्धे मानकरी. पुढे प्रोग्रॅमची कंपनी झाली, आणि प्रतिस्पर्धी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना परवाना द्यायचा नाही असा तिचा नियम. पोपल नंतर क्यू-केम या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या गोटात गेले, त्यामुळे वडिलांनाच घरात मज्जाव झाला. गॉसियन हा पेपर नसून प्रोग्रॅम असल्यानं 'नेचर'च्या यादीत तो नाही, हेही लक्षात ठेवा. ज्याचं नाव प्रबंधाच्या संदर्भसूचीत सर्वांत लांब, ते मोजणीत नाहीच.

सायटेशन म्हणजे वाचल्याची पावती, असा समज आपल्याकडे समित्यांमध्ये आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी त्याची साधी चाचणी केली. भौतिकशास्त्रातला १९७३ चा एक गाजलेला पेपर घेतला आणि त्याला दिलेल्या सुमारे ४,३०० संदर्भांत छापील चुका शोधल्या. १९६ सापडल्या. पण निरनिराळ्या चुका किती? ४५. एकच चुकीचा पानक्रमांक तब्बल ७८ ठिकाणी. म्हणजे एकानं चूक केली आणि उरलेल्या ७७ जणांनी ती इमानेइतबारे उतरवून घेतली. ४५ भागिले १९६ करून या दोघांनी अंदाज दिला की मूळ पेपर पाहणारे पाचात एक. आमच्या मते अंदाज उदार आहे.

याहून बहारदार दुसरी गोष्ट. एका बड्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या नमुना-पानावर संदर्भ कसा लिहावा याचं उदाहरण छापलेलं होतं. लेखक व्हॅन डर गेअर, पेपर 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला', साल २०००; आणि त्यात नाव दिलेलं जर्नल अस्तित्वातच नाही. त्या काल्पनिक पेपराला खरीखुरी सायटेशन मिळाली, चारशेच्या घरात. मेहनत न करता एवढं यश मिळालेला हा एकमेव लेखक, तोही जन्माला न आलेला. लोकांनी नमुन्यातला मजकूर पुसायचं तेवढं राहून गेलं होतं.

'नेचर'च्या त्या यादीत पहिला नंबर कोणाचा, तर १९५१ सालच्या ऑलिव्हर लॉरी यांच्या पेपराचा. द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजायची रीत. तीन लाखांवर सायटेशन. स्वतः लॉरींनी १९७७ मध्ये लिहून टाकलं होतं की हा काही थोर पेपर नाही हे मला ठाऊक आहे, पण आतून गुदगुल्या होतात. हा प्रामाणिकपणा अर्जाच्या फॉर्ममध्ये चालत नाही म्हणून सांगतो. डीएनएची दुहेरी शिडी सांगणारा वॉटसन-क्रिकचा पेपर या शंभरात कुठंच नाही. शोध लागला की तो पाठ्यपुस्तकात जातो आणि मग त्याचा संदर्भ देणं म्हणजे गुरुत्वाकर्षणासाठी न्यूटनला नोटीस पाठवणं. मोजायची रीत मात्र दर वेळी मेथड्सच्या परिच्छेदात लिहावीच लागते. या शंभरातले डझनभर पेपर एकट्या डीएफटीचे आहेत. संगणकीय रसायनवाले हुशार असतात यात वाद नाही, पण जगातल्या बारा टक्के थोर विज्ञानाचे तेच धनी आहेत असं वाटून घ्यायचं कारण नाही.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक हे तर याचा कळस. स्फटिकांची रचना काढणारे त्यांचे शेल्एक्स नावाचे प्रोग्रॅम जगभर चालत. २००८ मध्ये त्यांनी त्यांचा छोटा इतिहास लिहिला, आणि प्रोग्रॅम वापरलात तर हा पेपर उद्धृत केला तरी चालेल, असं सारांशातच सुचवून ठेवलं. लोकांनी मनावर घेतलं. तो छापणाऱ्या 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'चा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळाली तो आकडा, आदल्या वर्षी जेमतेम दोन होता. २००९ चा आला ४९.९२६. त्या वर्षी हे साधंभोळं स्फटिकशास्त्राचं जर्नल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्याही वर होतं. पुढचं वर्षही झोकात गेलं, आणि दोन वर्षांच्या खिडकीतून तो एक पेपर बाहेर पडला तसा आकडा परत दोनवर येऊन बसला. जर्नल तेच, संपादक तेच, कागद तोच.

आता हे आपल्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांना गुण देणाऱ्या कोष्टकात घाला. २०१८ च्या नियमावलीत पेपराचे गुण जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरतात. एकाहून कमी असेल तर १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. बेकेंचं जर्नल आजच्या हिशेबानं दोन ते पाचमध्ये बसतं. मानवी इतिहासातला सर्वाधिक उद्धृत असा आठवा पेपर: २० गुण. एकट्याचं नाव असल्यानं सगळे त्यांचे, ही त्यातल्या त्यात सोय. सातव्या पेपराचं जर्नलही त्याच पंगतीत, पण तिथं लेखक तीन. पहिल्या लेखकाला आणि पत्रव्यवहाराच्या लेखकाला ७० टक्के, म्हणजे १४; उरलेल्याला ३० टक्के, म्हणजे ६. जगातल्या सातव्या पेपराच्या एका लेखकाच्या पदरात ६ गुण. आणि हे कोष्टक २०१० मध्ये लागू असतं, तर त्या वर्षी 'ॲक्टा ए'मध्ये स्फटिकाच्या कुठल्याशा कोपऱ्याबद्दल दोन पानी टिपण लिहिणारा गडी शेल्ड्रिकच्या कृपेनं ३० गुण घेऊन घरी गेला असता. दुसऱ्याच्या दारची वरात आणि आपल्या गळ्यात हार.

एच-इंडेक्सची तऱ्हा वेगळी. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये तो काढला: ज्याचे दहा पेपर किमान दहा-दहा वेळा उद्धृत, त्याचा एच दहा. सोपं आहे, कोणत्याही कारकुनाला काढता येतं, हाच त्याचा विजय. बेके ते १९८८ आणि १९९३ चे दोन पेपर लिहून घरी बसले असते तर त्यांचा एच-इंडेक्स दोन. त्या दोनावर सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला असता तर छाननीतच बाजूला पडला असता, आणि छाननी समितीतल्या दोघांच्या प्रबंधात त्यातलाच एक पेपर उद्धृत असता.

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की आपल्याकडे गावोगावच्या कॉलेजांसमोर फ्लेक्स लागतात: 'जगातील सर्वोत्तम दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या सरांची निवड.' फेट्यातला फोटो, खाली शुभेच्छुक. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन इओनिडीस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या सायटेशन-सूचीच्या आकड्यांवरून बनवतात. निवड वगैरे कोणी करत नाही. ती एक मोठी एक्सेल शीट आहे आणि ती कोणालाही उतरवून घेता येते. तिच्या दोन प्रती असतात, एक आयुष्यभराच्या कामाची, एक निव्वळ एका वर्षाच्या सायटेशनची. फ्लेक्सवर कोणती, ते छापत नाहीत. स्वतःच स्वतःला किती टक्के उद्धृत केलं, याचाही त्या शीटमध्ये रकाना आहे. तोही छापत नाहीत. शुभेच्छुकांची नावं लिहून उरलेल्या जागेत बसला असता खरं तर.

आकड्याला भाव आला की आकडा बनवणारेही येतात. स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठानं आपल्या एका रसायनशास्त्रज्ञाला १३ वर्षांसाठी बिनपगारी घरी बसवलं. २०२३ च्या सुरुवातीला हे गृहस्थ सरासरी दर ३७ तासांनी एक पेपर छापत होते, असा 'एल पाईस' या दैनिकानं हिशेब मांडला होता. गंमत म्हणजे शिक्षा पेपरांच्या संख्येबद्दल नव्हती. पूर्णवेळ पगार इथला घेऊन पेपरवर सौदी विद्यापीठाचं नाव घातलं, म्हणून होती. ३७ तासांना कोणाचाच आक्षेप नव्हता. त्यात झोपेचे किती धरायचे, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या कक्षेत येत नसावा.

बेकेंचे हे दोन्ही गाजलेले पेपर एकट्याचे आहेत. विभागप्रमुखाचं नाव नाही, संचालकाचं नाही, 'मार्गदर्शनाबद्दल' आत घुसवलेल्या कुणाचंही नाही. १९९३ च्या पेपरच्या मथळ्यात 'भाग तीन' असं नम्रपणे लिहिलंय. २०१५ मध्ये कॅनडानं त्यांना हर्झबर्ग सुवर्णपदक दिलं. चाळीस-पन्नास हजार सायटेशननंतर सरकारांनाही दखल घ्यावी लागते. त्यांचं काम उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. पण ते उत्तम आहे हे सायटेशनच्या आकड्यावरून कळलं असं जो म्हणेल, त्याला विचारावं की बाबा, त्या पेपरात बी३एलवायपी कुठल्या पानावर आहे?

या सगळ्यात आपल्या पुण्याचाही एक धागा आहे, आणि तो फ्लेक्सवर दिसत नाही. एलवायपीमधले 'पी' ते रॉबर्ट पार. त्यांच्याबरोबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये अणुरेणूंच्या स्थानिक घनता-सिद्धांतावर एक पेपर आला. तिघा लेखकांतले एक श्रीधर गद्रे. डीएफटीचा रसायनात अजून फारसा गवगवा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गद्रे मग पुणे विद्यापीठात राहिले. रेणूभोवती विद्युतविभवाचे डोंगर आणि खिंडी कुठं असतात, हा त्यांचा विषय. १९९३ मध्ये, म्हणजे बेकेंच्या त्याच पेपरच्या वर्षी, त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इंडमोल नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला, आणि मोठा रेणू संगणकाला झेपत नाही म्हणून तो तुकड्या-तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकड्याचा हिशेब करून पुन्हा जोडायची रीत बसवली. तिला त्यांनी 'मॉलेक्युलर टेलरिंग' असंच नाव दिलं. प्रोग्रॅम लिहिणं हे बटण दाबण्याहून कितीतरी किचकट काम. आत काय चाललंय हे लिहिणाऱ्याला माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असलं की बी३एलवायपी कुठल्या पेपरात नाही हेही माहीत असतं. पण विद्यार्थ्याला पेपर हवा असतो, पेपराला परीक्षक हवा असतो, आणि परीक्षकाला ओळखीचं नाव हवं असतं. मग वॉलिंगफर्डची यादी चिकटवली जाते.

डीएफटीवाल्यांना स्वतःची थट्टा करता येते, हे मात्र कबूल करायला हवं. मार्सेल स्वार्ट आणि त्यांचे मित्र २०१० पासून वर्षाकाठी आवडत्या सूत्रांचं मतदान घेतात. सूत्रं स्पॅनिश फुटबॉलसारखी पहिल्या आणि दुसऱ्या विभागात. मतं पडली की काही चढतात, काही घसरतात. बरोबर उत्तर कोणतं हा प्रश्न मतदानाला टाकणारं शास्त्र म्हणून काही जण नाक मुरडतात. पण निदान मत देणाऱ्याला आपण मत देतोय हे माहीत असतं. संदर्भसूची लिहिणाऱ्याला तेवढंही माहीत नसतं.

बी३एलवायपीचे दोष या मंडळींनी स्वतःच चव्हाट्यावर मांडलेत. लांबून लांबून रेणू एकमेकांना जे हलकं खेचतात, ते या सूत्राला दिसतच नाही. मोठे रेणू त्यामुळे त्याच्या हिशेबात उगाच फाटके निघतात. २०१० मध्ये ग्रिमे आणि सहकाऱ्यांनी त्यावर ठिगळ दिलं, डी३ नावाचं, हायड्रोजनपासून प्लुटोनियमपर्यंत ९४ मूलद्रव्यांना चालणारं. ठिगळाचा पेपरही तडाखेबंद उद्धृत होतो. आणि २०१२ मध्ये क्रूझे, गोएरिक आणि ग्रिमे यांनी एक पेपर लिहिला, ज्याच्या मथळ्यातच म्हटलंय की बी३एलवायपी आणि ६-३१जी* (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करायचा एक ठरावीक साचा, म्हणजे बेसिस सेट) ही नेहमीची जोडी रेणूंच्या उष्णतेच्या हिशेबात का वापरू नये. यापेक्षा स्पष्ट भाषा विज्ञानात सापडणं कठीण. त्या नंतरच्या वर्षांत ही जोडी किती प्रबंधांत वापरली गेली, ते ग्रंथालयात जाऊन बघा. कपाटं भरली आहेत.

आता बी३एलवायपी वापरू नका असं बजावायचं तर आधी बी३एलवायपीचं नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं की वर बारीक आकडा, आणि खाली बेके. मोजणाऱ्या यंत्राला वाक्यातलं 'नका' दिसत नाही. ते बेकेंच्या खात्यात एक वाढवतं आणि पुढच्या ओळीकडे वळतं.